सेकंद काटा

कॉलेजनं पाठवलेली यादी मोबाइलवर आहे,
तरी मी ती दुकानाच्या हिशेबवहीत मागच्या बाजूनं उतरवून घेतली:
पांढरे गणवेश दोन. पांढरे बूट, लेस नसलेले.
केसांची जाळी. नखं कापलेली, मेंदी नको.
घड्याळ, सेकंद काटा असलेलंच.
वहीच्या पुढच्या बाजूनं उधारी:
ढोबळे मास्तर अर्धा किलो, गॅरेजवाला पाव.
श्रावणात दुकानाकडं कुणी फिरकत नाही
आणि फीचा दुसरा हप्ता नेमका श्रावणातच.

पुस्तक जुनं घेतलं, परभणीत, स्टेशनजवळ.
पहिल्या पानावर निळ्या शाईत: सुवर्णमाला इंगोले, प्रथम वर्ष.
यकृताच्या पानापर्यंत तिनं सगळं पिवळं करून ठेवलंय,
पुढं एकदम कोरं.
लग्न झालं असेल, नाहीतर तिथपर्यंतच परीक्षेला असेल.
मला ठरवता येईना.

"काय वाचायलीस?" दादांनी विचारलं, सुरी घासता घासता.
मी चित्र दाखवलं.
चष्मा नव्हता, तरी बोट बरोबर ठेवलं:
"हे काळीज. हा गुर्दा. ही तिल्ली, हिला फार गिऱ्हाईक नाही."
मी म्हटलं, लिव्हर. किडनी. स्प्लीन.
"म्हंजी अर्धं तर झालंच की तुझं."

गयाबाईही तेच म्हणतात शेजारच्या,
खाटकाची पोर, तिला सुईचं कसलं आलंय भ्याव.
मी हसते.
सहावीपासून रविवारी गल्ल्यावर बसते मी,
पारड्यात कुठला तुकडा पडला ते न बघता सांगते.
पण जे जे हाताळलं ते सगळं थांबलेलं होतं.
चालू असलेलं मी कधी काहीच धरलेलं नाही.

म्हणून रोज संध्याकाळी नाडी.
घड्याळ रफिकच्या दुकानात मिळालं,
तीनशेला दिलं त्यानं, सेल नवा घालून.
आईची बहात्तर. बांगड्या वर सरकवाव्या लागतात.
धाकट्या सुमेधची मोजता येत नाही, तो हसतो.
गयाबाईंची आधी लागतच नाही, मग लागते:
दोन ठोके, एक रिकामी जागा, मग पुन्हा.
त्या रिकाम्या जागेला पुस्तकात नाव असणार,
कोऱ्या पानांत कुठंतरी.
"किती?" त्या विचारतात.
"मला अजून शिकायचंय," मी म्हणते,
"तुम्ही सरकारी दवाखान्यात एकदा केसपेपर काढा."
"बघू," म्हणाल्या, आणि जाताना वाटीभर साखर घेऊन गेल्या.

चादरीचे कोपरे मोडायचा सराव बाजेवर होत नाही.
वाकळ जाड, दुमड बसत नाही,
वर सुमेध झोपलेला असेल तर आणखीच.
तरी पेशंट समजून मी त्याला
या कुशीवरून त्या कुशीवर लोटते.
तो शिव्या देतो. पेशंटही देतील.

दादा हात देत नाहीत.
"हाताला वास हाय," म्हणतात, आणि बंबाकडं जातात.
काल दुपारी झोपले होते, तेव्हा धरला.
अंगठ्याखाली कापल्याचा जुना व्रण, त्याला लागून ठोका.
काटा चाळिसावर असताना कळलं, ते जागे आहेत,
डोळे मिटून,
मोजणी बिघडू नये इतका सैल सोडलाय हात.
साठ झाले. मी सोडला नाही.
पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.

गणवेश आईनं वर्तमानपत्रात गुंडाळले,
आतल्या खोलीत, ट्रंकेत, कापराच्या दोन वड्या टाकून.
झाकण लावायच्या आधी एवढंच म्हणाली,
"रगताचा डाग पडला तर गरम पाणी घालू नको, बसतो तो.
थंड पाणी. मीठ. आन् लगेच."
मी यादीत खाली लिहून घेतलं.

नांदेडची बस सकाळी सहा चाळीसला.
गयाबाईंनी केसपेपर अजून काढलेला नाही.